कोपऱ्यातली फळी

आमचे हे पोहायला शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तीस वर्षं त्यांच्या तलावाच्या तिकीट-खिडकीत मी बसते आणि मला स्वतःला पोहता येत नाही. हे ऐकून लोक हसतात, मग मीही हसते.

मास्तरांची पद्धत सरळ आहे. मुलाला खोल बाजूला ढकलायचं आणि कठड्याला हात लावू द्यायचा नाही. लावलाच तर लांब बांबूने बोटं बाजूला सारायची. बांबूच्या टोकाला रबर बसवलेलं आहे, तेवढी माया त्यांच्यात आहे. मूल ओरडतं, पाणी पितं, आईच्या नावाने टाहो फोडतं, आणि हे कान देऊन उभे असतात. रडणं थांबलं की पोहणं आलं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नाही. रडायला दम उरला नाही की मुलं मुकाट हातपाय मारायला लागतात. सात दिवसांत मूल तरंगतं, पालक खूष होतात आणि पुढच्या वर्षी धाकट्याला आणून सोडतात.

आमची लेक तिसऱ्याच दिवशी तरंगली होती. पाच वर्षांची होती तेव्हा. पुढे तिने कपाटभर पदकं आणली, एकोणिसाव्या वर्षी पोहणं सोडलं, पाठोपाठ घर सोडलं, आणि सहा वर्षं इकडे फिरकली नाही. काय बिनसलं ते ह्यांना कळलं नाही. मला कळलं होतं, पण मी मूग गिळून बसले. बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

सहा वर्षांनी ती आली ती एका कुत्र्याच्या पिल्लासाठी. जनावरांच्या दवाखान्यात ती मदतनीस आहे. कोणीतरी पोत्यात घालून पाण्यात टाकलेलं हे पिल्लू तिथे आलं आणि तिने ते घरी नेलं. गोल पोटाचं, एक कान उभा, एक पडलेला. नाव ढब्बू. पाण्याची बादली दिसली तरी थरथरायचं. तिची खोली कालव्याच्या काठावर, तेव्हा ते कधी ना कधी पाण्यात पडणार हे नक्की. दुपारी तलाव बंद असताना याला शिकवू का, असं तिने विचारलं. ह्यांच्याकडे बघून एकच अट घातली.

"बाबा, याला तुम्ही हात लावायचा नाही. लावलात तर मी पुन्हा येणार नाही."

हे हसले. पण हो म्हणाले.

तिने सुताराकडून एक लांब फळी करून आणली, वर खरबरीत पायपुसणं ठोकलं आणि उथळ बाजूच्या कोपऱ्यात कठड्याला अडकवली. एक टोक काठावर, दुसरं पाण्यात. चार दिवस पिल्लू कोरड्या भागावर नुसतं बसून बिस्किट खात होतं. पाचव्या दिवशी पुढचे पंजे भिजले. मग पोटापर्यंत पाणी, लगेच वळायचं, वर चढायचं, बिस्किट. पुढे ती त्याला पोटाखाली हात देऊन निरनिराळ्या बाजूंनी फळीपर्यंत न्यायची. दोन आठवडे झाले तरी हेच. मास्तरांचा जीव कासावीस व्हायचा. पोहायचं सोडून कुत्रा बाहेर यायला शिकतोय, असं ते जेवताना रोज मला ऐकवायचे. लेकीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आधी बाहेर पडायची वाट कळू दे, मग आत जायला तो घाबरणार नाही.

ती रोज येत होती. शिकवून झालं की माझ्याजवळ बसून चहा प्यायची. सहा वर्षांनी माझ्या घरात तिसरा कप लागत होता. मला दुसरं काही नको होतं.

सोमवारी तलाव बंद असतो. फरश्या घासायला पाणी हातभर खाली उतरवतात. त्या सोमवारी लेकीला दवाखान्यातून तातडीचं बोलावणं आलं. तासाभरात येते, सोडू नकोस, असं सांगून तिने पिल्लाचा पट्टा माझ्या हातात दिला.

ती गेली आणि हे आले. ती यायच्या आत याला पोहताना दाखवू, म्हणाले, बघ कशी खूष होते. पट्टा मी दिला. त्यांनी हिसकावला असं सांगितलं तर बरं दिसेल, पण त्यांनी हिसकावला नाही. मला वाटलं, पिल्लू लवकर शिकलं तर लेक खरंच खूष होईल, कदाचित राहायलाही येईल. हाव सुटली होती मला.

त्यांनी आधी फळी काढली. आयती सोय असली की कोणी शिकत नाही, म्हणाले. ओली फळी माझ्या खिडकीशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. मग पिल्लाला खोल बाजूला फेकलं.

ते बुडालं, वर आलं, आणि पोहायला लागलं. डोकं वर, चारही पाय चालू. मी टाळ्या वाजवल्या. हेही मला लपवायचं नाही. ते सरळ तलावाची लांबी कापून उथळ कोपऱ्यात पोचलं, जिथे फळी असायची तिथेच. पंजे भिंतीच्या फरशीवर मारायला लागलं. तिथेही त्याचे पाय टेकत नव्हते आणि कठडा हातभर उंच. ते केकाटलं. ह्यांनी बांबूने त्याला दूर ढकललं.

"आणखी एक फेरी," म्हणाले.

ते वळून परत त्याच कोपऱ्यात आलं. पुन्हा बांबू. पुन्हा कोपरा. मी म्हटलं, अहो, पुरे आता. ते म्हणाले, तुला काय कळतंय, तू कधी पाण्यात उतरलीस?

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला, तो घ्यायला मी आत गेले. एका बाईंना मुलीला पोहायला घालायचं होतं. किती दिवसांत येतं, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, सात दिवसांत. बाहेर केकाटणं चालू होतं, मग बारीक झालं, मग थांबलं. ह्यांनी बांबू खाली ठेवला आणि समाधानाने टॉवेल आणायला वळले. रडणं थांबलं होतं ना.

त्यांनी मागे पाहिलं तेव्हा पाणी सपाट होतं. त्यांनी उडी मारली, पिल्लाला वर काढलं, मुलांची दाबतात तशी त्याची छाती दाबत बसले. काही उपयोग झाला नाही.

मला पोहता येत नाही. पण फळी माझ्यापासून चार पावलांवर होती.

लेक आली. पिल्लाकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. पाणी उतरल्यामुळे फरशीवर शेवाळाचा हिरवा पट्टा उघडा पडला होता, आणि त्यात एकाच जागी नखांच्या रेघा होत्या.

"याला येत होतं," ती म्हणाली. "हा बरोबर जागी आला होता."

"छान पोहत होता गं," हे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आईला विचार."

तिने विचारलं ते दुसरंच. "आई, तू कुठं होतीस?"

"खिडकीत."

"तेव्हाही तिथेच होतीस," ती म्हणाली, आणि पिल्लाला टॉवेलात गुंडाळून निघून गेली. चहाचं आधण मी चढवलेलंच होतं.

संध्याकाळी मी ब्रश घेऊन तो हिरवा पट्टा घासला. कोपरा शेवटी ठेवला होता. रेघा पहिल्याच फटक्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवाल्या बाई मुलीला घेऊन आल्या. पाच वर्षांची असेल. ह्यांनी तिला ढकललं, तिने कठडा धरला, ह्यांनी बांबू उचलला. ती किंचाळायला लागली तशा बाई माझ्या खिडकीशी आल्या. खूप रडतेय हो, म्हणाल्या, काही होणार नाही ना?

फळी अजून भिंतीलाच टेकलेली होती. मी बाईंना बसायला खुर्ची दिली.

"थांबेल आत्ता," मी म्हणाले.