रांगेतलं पहिलं कुलूप

त्या दिवशी वैशाखाचं ऊन होतं, पण आभाळ निळं नव्हतं, मळकट पांढरं होतं. वारा अगदी पडलेला. असा वारा पडला की मानपाड्याकडच्या कारखान्यांचा वास आमच्या चाळीवर येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. माणसं डोळे चोळत होती. त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली, ती अजून गेलेली नाही.

मी एक निळा ड्रम. चाळीच्या नळाजवळ जी ड्रमांची रांग आहे, तिच्यातला तिसरा. मी काही शिकलेला नाही. माझ्या पोटावर पांढरी अक्षरं होती, तीसुद्धा मला कधी वाचता आली नाहीत. आता ती पुसली गेली.

जन्म कुठल्या साच्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते खोकल्याच्या औषधाच्या कंपनीतलं. माझ्या पोटात गोड पाक भरलेला असायचा. पाक संपला, मी रिकामा झालो, तेव्हा दगडू आणि गुणाजीनं मला दगडूच्या घरासाठी मागून घेतलं. दोघं तिथेच कामाला, चाळीतही शेजारी. एकानं पुढून धरलं, एकानं मागून, आणि हसत हसत मला इथवर आणलं. गुणाजीनं राखेनं घासघास घासलं, तरी कितीतरी दिवस मला मुंग्या लागायच्या. गुणाजीची बायको संचिता म्हणायची, "शीला, तुमच्या पाण्याचा चहा करत जा गं. साखर वाचेल." शीला म्हणजे दगडूची बायको. ती म्हणायची, "या की मग प्यायला, मुंग्यांसकट देते."

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, तेही थोडा वेळ. नळ एक, नळी एक. पण आपल्या ड्रमापाशी कुणी राखणीला बसत नसे. जी बाई नळावर असेल ती नळी पहिल्या ड्रमात सोडायची, भरला की दुसऱ्यात, मग माझ्यात, अशी शेवटपर्यंत. घरधनीण कामाला गेलेली असो की गावाला, ड्रम भरलेला मिळायचा. झाकणाला कुणी कधी कुलूप लावलं नव्हतं. माझ्या झाकणाला लोखंडी पट्टा आहे, पट्ट्याला एक भोक आहे. त्या भोकात इतकी वर्षं नुसती हवा होती.

मग कंपनीत संप झाला. युनियन केली म्हणून काही जणांना काढून टाकलं, त्यावरून बाकीचे बाहेर बसले. गेटासमोर ताडपत्री बांधली. गुणाजी सगळ्यांच्या पुढे. दगडूही रोज जाऊन बसायचा, घोषणा द्यायचा. पुढारीपण त्याच्या अंगात नाही, पण आवाज मोठा.

तेवढ्यात शीलाच्या पोटात गाठ निघाली. कामगार विम्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. आणि कंपनीतून साहेबाचा फोन आला. दगडू माझ्याच अंगाला टेकून बोलत होता, म्हणून मला ऐकू आलं. साहेब शांतपणे सांगत होता, "बघ बाबा. नाव कमी झालं की विम्याचं कार्ड बंद. मग ऑपरेशन कुठं करायचं ते तू ठरव."

असं खरंच होतं का, मला ठाऊक नाही. दगडूलाही ठाऊक नव्हतं. गुणाजीला विचारलं असतं तर त्यानं कुणाला तरी विचारून सांगितलं असतं. पण दगडू विचारायला गेला नाही. तोंड दाखवायची भीती वाटली असेल. फोन खिशात टाकून तो घरात गेला.

तर त्या मळकट उन्हाच्या दिवशी कंपनीची खिडक्यांना जाळी लावलेली गाडी आली आणि दगडू तोंडाला टॉवेल गुंडाळून तिच्यात बसून आत कामावर गेला. गेटावर कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो चाळभर फिरला. खाली लिहिलेलं पोरं मोठ्यानं वाचत होती, ओळखा पाहू हे कान कुणाचे. तोंड झाकता येतं, कान कसे झाकणार? दगडूचे कान मोठे आहेत.

परत येताना गाडीवर हात आपटले गेले. गर्दीतून एकानं सांगितलं, "दगड्या, घरी पाणी पितोस ना रे? बघून पी."

एवढंच. मारलं नाही कुणी. पण दगडू घरी आला तो वाटेत दुकानातून कुलूप घेऊनच. माझ्या झाकणाच्या भोकात त्यानं ते अडकवलं. शीला दारात आली.

"अहो, कुणाच्या भीतीनं लावताय? संचिताच्या?"

"तिच्या नाही गं. कुणी बाहेरचं येऊन काय टाकेल, सांगता येतं का?"

"बाहेरचं कोण येतंय इथं? इथं आपलीच माणसं."

"म्हणूनच," दगडू म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि तो आत निघून गेला.

दुसऱ्या सकाळी पाणी आलं. नळावर संचिता होती. तिनं पहिला भरला, दुसरा भरला. मग नळी घेऊन ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, ही आता मला वगळणार. पण नाही, ती मला भरायला आलेली. झाकणाला हात घातला तर कुलूप. नळीतलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं, तरी ती तशीच उभी. मग मोठ्यानं म्हणाली, "शीला, चावी तुझ्याकडे आहे की कंपनीकडे?" आणि नळी माझ्यावरून उचलून पलीकडे नेली. शीला चावी घेऊन धावत आली तोवर नळ गेला होता.

तेव्हापासून मला कुणी भरलं नाही. दगडू लांबून कॅनमधून पाणी आणायचा, तेही बुडाशी राहायचं. रिकामा ड्रम वाजतो. येताजाता पोरं माझ्या पोटावर थाप मारायची, डब, डब. आत शीला दचकायची. "कोण आहे?" म्हणायची. कुणीच नसायचं. मीही दरवेळी घाबरायचो, की ही थाप आहे की लाथ, की माझ्याखाली कुणी काडी लावतंय.

ऑपरेशन झालं. शीला घरी आली. एरवी अशा वेळी घरात बसायला जागा उरत नाही. या वेळी कुणी आलं नाही.

पण एका दुपारी संचिता आली. हाक मारली नाही. माझ्या झाकणावर पेजेचं पातेलं ठेवलं, वर ताटली, आणि गेली. पेज ऊन होती, मला तिचा शेक लागला. किती दिवसांनी बरं वाटलं.

दगडू बाहेर आला. ताटली उचलली. वास घेतला. चमच्यानं ढवळून पाहिलं. इकडे तिकडे पाहिलं. त्याचे डोळे मी एवढ्या जवळून कधी पाहिले नव्हते. त्यात राग नव्हता हो, नुसती भीती होती. पाणी बघून पी, हेच त्याच्या कानात वाजत असणार. तो गटारापाशी गेला आणि पातेलं पालथं केलं.

संचिता तिच्या दारात उभी होती.

पुढं संप मिटला. पगार वाढला, तो दगडूचाही वाढला. गुणाजीला मात्र परत घेतलं नाही. तो आता दुसऱ्याची रिक्षा चालवतो. शीला बरी आहे, पण नळावर येत नाही. दगडू गाडीचा हॉर्न वाजला तरी अजून मागं वळून बघतो.

मी आता म्हातारा झालोय, उन्हानं भेगा पडायला लागल्यात. जायच्या आधी एवढंच सांगतो. कुणी आत गेला असेल, तर त्याला शिव्या द्या हवं तर, पण दारात येऊन तोंडावर द्या. येताजाता ड्रम वाजवू नका. आत कुणीतरी दचकतं.

परवा सकाळी दगडू माझ्यापाशी आला. कुलूप काढलं, खिशात टाकलं, झाकण थोडं सरकवून ठेवलं. गुणाजी पलीकडे वाकून आपल्या ड्रमाला साखळी घालत होता. दगडू दोन पावलं पुढं झाला. मग म्हणाला, "गुणाजी, मी काढलं रे."

गुणाजीनं वर पाहिलं नाही. साखळी ओढून बघितली, पक्की आहे ना म्हणून, आणि हळूच म्हणाला, "लाव परत, दगडू. आता सगळ्यांचीच कुलपं आहेत."