जागेअभावी

माझी मुलगी शाल्मली गेल्या महिन्यापासून आम्हाला फिनिश भाषेत लिहिते, आणि तिच्या निरोपाचं भाषांतर केलं की आमची बाहेरची खोली चार बोटं अरुंद होते.

एकेक शब्द सोलापुरी चादरीसारखा लांबलचक. ब्राउझरच्या माथ्यावर पट्टी येते : भाषांतर करायचं? मी 'हो' दाबतो. अक्षरं मराठी होतात आणि खिडकीची भिंत दाराकडे सरकते. आवाज वगैरे काही होत नाही. पहिल्या दिवशी टीपॉय हलवावा लागला, दुसऱ्या दिवशी विकावा लागला.

'मराठीत लिही गं बाई,' असं मी तिला कळवलं. उत्तर फिनिशमध्येच आलं. भाषांतर केलं : 'बाबा, मी मराठीतच लिहीत आहे. आपण असे का विचारता?' जन्मभर मला 'अरे बाबा' म्हणणारी पोर. तिच्या तोंडी 'आपण' वाचून मला रडू आलं. खोली चार बोटं आत आली.

इकबाल मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टेप धरली, ओळंबा सोडला, भिंतीवर टिचक्या मारल्या.

"भिंत हाय तिथंच हाय, काका," ते म्हणाले. "मधली जागाच कमी झालीया. त्याला आमच्याकडं इलाज न्हाई."

जाताना त्यांना दारातून तिरकं व्हावं लागलं.

"जागा गेली तर जाऊ दे," कुमुद म्हणाली. "पोरीचं वाचा तुम्ही."

कुमुद माझी बायको. शाल्मली परदेशी गेल्यापासून दोन वर्षं ती रोज विरजण लावते. पोर निघाली तेव्हा तिच्या तळहातावर दही घालायचं राहिलं. रिक्षा खाली उभी होती आणि मी 'चला, चला' करून घर डोक्यावर घेतलं होतं. निघणाऱ्याच्या हातावर दही घातलं की तो परत येतो, यावर कुमुदचा विश्वास आहे. माझ्यावरचा त्या दिवशी उडाला.

मी मिरजेत एका दैनिकात चौतीस वर्षं उपसंपादक होतो. पानात मावत नाही ती बातमी मावेपर्यंत कापायची, हे माझं काम. तेव्हा उपाय मला सुचला नसता तरच नवल. 'इथे चार दिवस बर्फ पडत आहे,' हे शाल्मलीचं वाक्य मी निवडलं आणि खोडलं. भिंत मुकाट्याने चार बोटं मागे गेली.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती हसली, फिनिशमध्येच काहीबाही बोलली. तिच्या पाठीमागच्या खिडकीत बर्फ नव्हता. आकाशही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी 'मारिया आणि मी एकत्र स्वयंपाक करतो' कापलं. पुढच्या निरोपात होतं : 'मी एकटी जेवते. हे घर कोणाबरोबर घेतले होते ते आठवत नाही.'

कुमुदने माझा हात धरला. "ती काय बातमी आहे का हो?"

"जागा नाही, कुमुद."

"तिच्यासाठी नाही?"

मी कापणं सोडलं. पण एकटं माणूस लांब लिहितं. पलंग गेला, खुर्च्या गेल्या. लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी उभ्यानेच वाचू लागलो आणि कुमुद माझ्या खांद्यावरून. गुरुवारी इकबाल मिस्त्री पहार घेऊन आले. भिंतीचे टवके निघाले, जागा निघाली नाही.

शुक्रवारी सकाळी निरोप आला. 'मी आज दुपारी पोहोचत आहे. महिनाभर राहीन. आईला सांगा, दार उघडे ठेवावे.'

कुमुदला हुंदका आला. मग भिंत आली. आमचं दार आत उघडतं. आता ते उघडायला जागाच उरली नाही. भिंत आणि दार यांच्यामध्ये आम्ही पोटं आत घेऊन उभे राहिलो. दहीभातासाठी काढलेली दह्याची वाटी कुमुदच्या हातात तशीच होती.

तीन वाजता जिन्यावर बॅगेची चाकं वाजली. दारावर थाप पडली. बाहेरून शाल्मली काहीतरी म्हणाली. त्यातलं एक अक्षर कळलं नाही. आवाज तिचाच होता.

"कापा," कुमुद म्हणाली.

"काय कापू?"

"काहीही कापा. पोर दारात उभी आहे."

मी निरोप पुन्हा वाचला. ती पोहोचणार होती, ते कापता येत नव्हतं. दार कापता येत नव्हतं. आईला हात लावायची माझी छाती नव्हती. उरली एकच ओळ. 'महिनाभर राहीन' मी निवडलं आणि खोडलं.

भिंत चार बोटं मागे गेली. दार चार बोटं उघडलं. फटीतून शाल्मलीचा हात मनगटापर्यंत आत आला. करंगळीवर लहानपणी विळी लागल्याची खूण होती. तळहात वर केलेला होता.

कुमुदने त्यावर चमचाभर दही घातलं.

"अगं, काय करतेस!" मी ओरडलो.

"राहिलं होतं," ती म्हणाली.

मूठ मिटली. हात बाहेर गेला. चाकं जिना उतरू लागली. कट्ट्यावरच्या लॅपटॉपमधले निरोप खालून वर एकेक करून पुसले जाऊ लागले, आणि प्रत्येकासरशी भिंत मला घेऊन मागे सरकत गेली. टीपॉय मावेल एवढी खोली झाली, पलंग मावेल एवढी झाली, मग लग्नाची पंगत बसेल एवढी. दार आता सताड उघडं आहे. मी त्याच्याकडे पळतो आहे. कुमुद तिथे वाटी धरून उभी आहे, आणि इथून ती दह्याच्या थेंबाएवढी दिसते.