पाच चिठ्ठ्या

सरकारी शाळांच्या दर्जावर बोलणाऱ्यांना तोटा नाही. वर्तमानपत्रांत बोलतात, सभांमधून बोलतात, दर दोन वर्षांनी कुणीतरी नवी सुधारणा आणतं आणि आम्ही शिक्षक नवे तक्ते भरत बसतो. यंदाची सुधारणा मात्र गळ्याशी आली होती. चौथीतल्या शेकडा साठ मुलांना न पाहिलेला उतारा वाचता आला नाही, तर शाळा बंद.

माझ्या चौथीत वीस मुलं, वाचणारी अकरा. मुख्याध्यापकांनी, आमच्या मोठ्या सरांनी, आकडेमोड केली आणि हळूच म्हणाले, "बाई, उद्या तपासणीला कच्ची पाच घरीच राहू देत. सगळेच करतात." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. छान वळणदार अक्षरात पाच चिठ्ठ्या लिहिल्या: पाल्याला उद्या विश्रांती द्यावी.

चिठ्ठ्या पोचवायचं काम शिपाईमामांचं. मामांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून कुठली कुणाकडची ते सांगावं लागतं. चार घरं सांगितली. पाचव्या चिठ्ठीला माझी जीभ अडखळली.

"आणि ही, बाई?"

"तुमच्याकडची, मामा. चिमीची."

मी थट्टा करतेय असं वाटून ते हसले. "आमच्या चिमीची? अहो, रोज संध्याकाळी धडे वाचून दाखवते मला. बोट ठेवून, घडाघडा!"

"पाठ आहेत तिला सगळे. वाचता येत नाही."

मामा स्टुलावर बसले. माझ्यासमोर ते कधीच बसत नाहीत. म्हणाले, "मग प्रगतिपुस्तकात काय लिहायचा तुम्ही? तुम्हीच वाचून दाखवायचा की मला."

"प्रगती समाधानकारक."

"पहिलीपासून?"

"पहिलीपासून." हा वर्ग चारही वर्षं माझ्याकडेच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी पाचही चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात वीसच्या वीस मुलं हजर! चिठ्ठी एकाही घरी पोचली नव्हती. चिमी इस्त्रीचा गणवेश घालून पहिल्या बाकावर बसली होती. मोठे सर लालबुंद झाले.

"मामा, शाळा गेली तर तुमची नोकरीही जाईल. कळतंय का?"

"कळतंय, सर. तेवढं कळतं मला."

तपासणीला आलेल्या बाई शांत होत्या, घाई न करता एकेकाला बोलवत होत्या. चिमी सगळ्यांत शेवटी. तोवर अकरा जणांनी वाचलं होतं आणि हवे होते बारा. मोठे सर वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. मामा दारात होते.

चिमीनं कागद हातात घेतला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. कागदावर विहिरीबद्दल काहीतरी होतं. ती आमच्या पुस्तकातला पहिला धडा म्हणत होती. बोट ओळीवरून अगदी बरोबर सरकत होतं. मला तिच्याकडे बघवेना.

बाईंनी तिला मध्येच थांबवलं नाही. धडा संपल्यावर मला विचारलं, "ही फार गैरहजर असते का?"

पळवाट आयती समोर आली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण दारातून मामा म्हणाले, "चार वर्षांत एक दिवस चुकली नाही, बाईसाहेब."

"खरं आहे," मी म्हणाले. "रोज माझ्यासमोरच बसते."

बाईंनी तक्त्यात खूण केली. पेनचा तेवढा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू आला. चिमी कागद हातात धरून बापाकडे वळली. रोज संध्याकाळी विचारायची तसंच तिनं विचारलं, "बाबा, बरोबर वाचलं ना?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं.

"बाईंना विचार," ते म्हणाले.