जास्तीचं काळं प्यादं

माझं डोकं लई तापट, कोगनोळी नाक्यावर कुणालाबी विचारा. टायर काढताना नट अडला तर मी नटाला शिव्या घालतो, आणि गिऱ्हाईक मधी तोंड घालाय लागलं तर गिऱ्हाईकाला. पण बुद्धिबळाचं कोडं रचायला बसलो की मी म्हंजे गरीब गाय. पाच-सहा सोंगट्या मांडायच्या, पांढऱ्यानं दोन चालीत मात करायची, आणि ती एकाच वाटेनं झाली पाहिजे. दुसरी वाट सापडली की कोडं फुटलं. मग एखादं काळं प्यादं ठेवून ती वाट बंद करायची. त्या प्याद्याला आम्ही बूच म्हणतो. बुचं जितकी कमी, तितकं कोडं देखणं.

आम्ही म्हंजे मी आणि आमचं दाजी, उपेंद्र. बेळगावात टिळकवाडीत राहत्यात, कॉलेजात गणित शिकवत्यात. तिथंच एका स्पर्धेत ओळख झाली. त्यांच्या कोड्यात एक सोंगटी उगं बसलेली दिसायची न्हाय. मी असा खुळावलो की माझ्या धाकट्या बहिणीचं, सौम्याचं, लग्न मीच पुढं होऊन जमवलं. एवढ्या निर्मळ डोक्याच्या माणसाचा हात कसा असंल, हे बघायचं काय सुचलं न्हाय.

दर रविवारी दाजी फोनवर नव्या कोड्याचा फोटो धाडायचे आणि मी ते फोडायला बसायचो. फुटलं की लगेच फोन. "दाजी, फुटलं की ओ मडकं! मारा बूच, मारा!" असं वरडून मी खदाखदा हसायचो. तेबी हसायचे. "तुमची नजर घारीची आहे, महादेवराव," म्हणायचे. बूच मारायचा त्यांना भारी तिटकारा. त्यापेक्षा ते अख्खं कोडं मोडून टाकायचे.

औंदा पंचमीला सौम्या माहेरी आली. आमच्याकडं पंचमीला पोरी आल्या की कासारीण घरी येऊन काकणं भरती. रुक्माबाई सोप्यात बसली, सौम्याचा डावा हात घेतला, हिरवी काकणं सरसर चढवली. उजवा घेतला आणि तिथंच अडलं. अंगठ्याच्या मुळाशी काकण पुढं जाईना. रुक्माबाईनं हात दाबला तशी सौम्या कळवळली आणि काकण फुटलं.

"पोरी, ह्यो अंगठा कवा मोडलता गं?" रुक्माबाईनं विचारलं.

"पडले मी. जिन्यात," सौम्या म्हणाली.

रुक्माबाईनं मोठ्या मापाची काकणं काढून हळूच चढवली आणि जाताना माझ्याकडं एक नजर टाकली. मला वाटलं, पडली असंल. मी एवढा ठोंब्या!

जेवणं झाली. मी पटावर दाजींचं नवं कोडं मांडलं. हे ते एका मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. सौम्या जवळ येऊन बसली. लहानपणी आप्पांनी आम्हा दोघांनाबी खेळ शिकवलता, आणि खरं सांगायचं तर तिची नजर माझ्यापेक्षा तेज. थोडा वेळ तिनं पट बघितला.

"आण्णा, ह्या खेपेला फोडू नको."

"का गं? नवऱ्याची बाजू घेतीस व्हय?" मी हसत विचारलं.

"फोडलंस तरी हसू नको. फोन करू नको. तुझ्या पाया पडते."

मी तिच्या अंगठ्याकडं बघितलं. मग तिच्या तोंडाकडं.

"बोल," मी म्हटलं.

ती खाली मान घालून बोलली. "तुझा फोन ठेवला की हे दार लावतात. सुरवातीला पट्टा होता. मी म्हटलं, आपणच आधी चूक सांगावी, म्हंजे तुझ्याकडं फुटकं कोडं जाणारच न्हाय. म्हणून एकदा सांगितलं, अहो, इथं एक काळं प्यादं ठेवा. प्यादं माझ्या चिमटीत होतं. त्यांनी चिमटीसकट अंगठा पिरगाळला." तिनं हात पदराखाली घेतला. "सांगितलं तरी मार, न्हाय सांगितलं तरी मार. मग गप बसायचं आणि रविवार कधी येतोय ते बघायचं."

मी उठलो. दुकानातली टॉमी घेतली, टायर उचकटायची लोखंडी कांब. मोटारसायकल काढली.

"तू घरात बस," मी वरडलो.

"घर माझं हाय ते. मी येणार," म्हणत ती मागं बसली.

निपाणी कधी गेली, संकेश्वर कधी गेलं, मला ठाव न्हाय. माझ्या डोक्यात एकच चाल होती.

दार दाजींनी उघडलं. "अरे महादेवराव! सौम्या, तू तर सोमवारी येणार होतीस ना?"

पहिली बुक्की नाकावर बसली. हाड मोडल्याचं मला मुठीत कळलं. तो मागं भिंतीवर आपटला, चष्मा फुटला, बनियन लाल झाला. मी मानगूट धरून त्याला फरशीवर आदळला आणि बरगडीत लाथ घातली. परत घातली. त्याच्या तोंडातनं रक्त आणि एक दात बाहेर पडला.

"कुठल्या हातानं पिरगाळलास रं? दाव!"

"तुम्हीच हसत होतात!" तो रक्ताची गुळणी थुंकत ओरडला. "दर रविवारी! फोनवरून माझ्या घरात, तिच्या देखत! तुम्हाला काय वाटलं, मी ते गिळत होतो?"

त्याचं बोलणं मला सुरीगत लागलं, म्हणूनच मी जास्त पिसाळलो. त्याचा उजवा हात पायाखाली दाबला आणि टॉमी हाणली. काटकी मोडल्यागत आवाज आला. तो गुरागत वरडला. मी टॉमी परत उचलली, आता डोक्यावर.

"आण्णा!"

मी तसाच वळलो, टॉमी वर धरूनच.

सौम्या भिंतीला चिकटून खाली बसलेली. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडापुढं. सवयीचं होतं तिचं ते बसणं. आणि तिच्यापुढं आत्ता मी उभा होतो.

टॉमी माझ्या हातनं गळाली. मला रडू फुटलं, लाज न्हाय सांगायला.

बऱ्याच वेळानं तिनं कोपरं खाली घेतली. उठली. कोपऱ्यातल्या मेजावर तेच कोडं मांडलेलं होतं, तिथं गेली.

"घोडा इथं आला तरी दोन चालीत मात होते," ती त्याच्याकडं बघून म्हणाली. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला." मग त्याच वाकड्या अंगठ्याच्या चिमटीत तिनं एक काळं प्यादं धरलं आणि पटावर ठेवलं. "इथं एवढं एक पाहिजे होतं."

खाली पडल्या पडल्या त्याचा खांदा हलला. हात उचलायला गेला, उचलंना. तिनं ते बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"आणि आण्णा, माझ्यासमोर तूबी हात उचलायचा न्हाय. कुणावरबी."

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावलेच होते. माझ्यावर केस हाय, त्याच्यावरबी हाय. तारखेला आम्ही दोघं एकाच बाकड्याच्या दोन टोकांना बसतो. सौम्या आता कोगनोळीतच असती.

कोडी मी सोडली न्हाईत. आता ती फोडती. परवा माझ्या कोड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आण्णा, हे फुटलं." आणि म्हणता म्हणता, माझा हात पोचणार न्हाय इतकी लांब सरकून बसली.