नकाशावरचा हिरवा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. मोबाइलचा नव्हे, मोटारींचा. ग्रंथालयाच्या मागच्या वाहनतळात, भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. माझी केबल पीळ पडून जमिनीवर लोळते आणि पडद्यावर एकच ओळ असते : 'जोडणी तपासत आहे.' दोन वर्षे झाली, मी तेच तपासतो आहे.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा आम्ही चाळीस भावंडे होतो. कोण कुठे गेले, ठाऊक नाही. मला इथे बसवले वायरमनकाकांनी. दर सोमवारी ते येत, पडदा पुसत, केबल नीट गुंडाळत आणि मोबाइलवर नकाशा उघडून माझा ठिपका बघत. गाडी लागलेली असली की निळा, मोकळा असलो की हिरवा, बिघडलो की राखाडी. पावाची व्हॅन चालवणारा रोज यायचा. "काय पहिलवान, आहे ना दम?" म्हणत माझ्या पाठीवर थाप मारायचा. बरे दिवस होते.

मग आमची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली. वायरमनकाका निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. एका दुपारी, ज्याच्यावरून मी कंपनीशी बोलायचो ते माझ्यातले सिमकार्ड बंद पडले. आता मला गाडी ओळखता येईना, वीज सोडता येईना, कोणाला कळवताही येईना. माझी शेवटची खबर गेली होती ती 'मोकळा आहे' अशी. म्हणून ठिपका हिरवाच राहिला. लोक येत, चरफडत निघून जात. एकदोघांनी लाथाही घातल्या. मला काही वाटले नाही.

एका गुरुवारी दुपारी एक वाजता एक छोटी पांढरी गाडी आली. चालवणारी बाई शिवणकाम करणारी असावी. माप घ्यायची टेप तशीच गळ्यात होती. शेजारी तिचे वडील. ती फोनवर बोलत होती, "हो सिस्टर, निघालोय. चारच्या आत पोचतोच. किडनी अप्पांनाच आहे ना?" फोन ठेवून म्हणाली, "अप्पा, सहा वर्षांनी नंबर लागला हो! वीस मिनिटं चार्ज केली की पुढे दोन तासांत पोचतोय आपण."

तिने केबल लावली. काढली. पुसून पुन्हा लावली. मग मदतकेंद्राला फोन केला.

"मॅडम, आमच्याकडे हिरवा दिसतोय."

"अहो, मी त्याच्यासमोर उभी आहे! बंद आहे तो!"

"तुमची तक्रार नोंदवून घेतो."

गाडीत जेमतेम तीन किलोमीटरांची वीज उरली होती. टॅक्सी यायला दीड तास लागला. तेवढा वेळ अप्पा एकच म्हणत होते, "तू आधी पाणी पी बघू."

दुसऱ्या दिवशी बापलेक ओढगाडीवाल्याला घेऊन गाडी ओढून न्यायला आले. ओढगाडीवाल्याने विचारले, "झालं का काम?"

"पन्नास मिनिटं उशीर झाला," अप्पा म्हणाले. "डॉक्टर तरी किती थांबणार? एकाला राखीव म्हणून बोलावलं होतं, त्याला बसवली. वाया नाही गेली, तेवढं बरं."

ते ऐकून मुलगी माझ्याकडे वळली. मला वाटले, आता लाथ बसणार. तिने माझ्या पत्र्यावर कपाळ टेकले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या कपाळाची ऊब मला जाणवायला हवी होती. जाणवली नाही.

मात्र त्यानंतर ती रोज येऊ लागली. माझा फोटो काढायची, मदतकेंद्राला फोन लावायची आणि तेच सगळे शांतपणे पुन्हा सांगायची. अकराव्या दिवशी मोबाइलकडे बघून फोनवर म्हणाली, "अप्पा, झाला एकदाचा राखाडी." अप्पांचे नाव अजून यादीत आहे, एवढे तिच्या बोलण्यातून कळले. नंतर ती आली नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त कराच, असा माझा हट्ट नाही. पण आम्हाला उभे करून विसरू नका. आणि बंद पडलेल्याला बंद म्हणायला लाजू नका. कोणीतरी त्या भरवशावर घरातून निघालेले असते.

परवा एक विजेची गाडी वाहनतळात आली. चालकाने पुस्तके परत केली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो निघून गेला. फार दिवसांनी मला बरे वाटले.