तारणाचा रुमाल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रविवारी जग संपणार होतं आणि ज्याला त्याला स्वर्गातली आपली जागा आधी पक्की करायची होती. व्यासपीठावर उभे होते कर्णेवाले पास्टर. दर दोन वाक्यांनी ते "कर्णा वाजणार!" असं ओरडत, म्हणून हे नाव.

"बंधुभगिनींनो, स्वर्गाच्या वहीत कोणाचं नाव आहे ते आज दिसेल! पाणी साधं, रुमाल पांढरा, हात माझा, निवाडा त्याचा!"

समोर पाण्याच्या दोन वाट्या. पास्टर अंगठा पाण्यात बुडवत, माणसाच्या कपाळावर क्रूस काढत आणि वरून पांढरा रुमाल दाबत. रुमालावर गुलाबी क्रूस उमटला की माणूस तरला. कोराच राहिला की गेला नरकात. बांधकामवाल्या शेठचा क्रूस असा ठसठशीत उठला की लोक रडायलाच लागले. शाळा झाडणाऱ्या बाईंचा रुमाल मात्र कोरा. घरातल्या मोहाच्या वस्तू आणून दिल्या तर त्यांचा पुन्हा विचार होणार होता. बाहेर टेम्पो उभाच होता, त्यात दोन फ्रीज चढलेसुद्धा होते. रविवारी जग बुडणार तर पास्टरांना शनिवारपर्यंत फ्रीज कशाला हवा, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता मी कोण? मी लॉण्ड्रीवाला. शर्टाला इस्त्री करता करता गिऱ्हाइकाच्या डोक्यालाही इस्त्री करायची मला तीस वर्षांची खोड. बुवा, भुतं, नवस, सगळ्यांवर माझं भाषण तयार. इथं मी फक्त आईला सोबत म्हणून आलो होतो, आणि घरी जाऊन यथेच्छ हसायचं म्हणून.

आईचा रुमाल कोरा निघाला.

जन्मभर चर्चचा एक रविवार न चुकवलेली बाई ती. पास्टर म्हणाले, "माताजी, तुम्ही औषधांवर भरवसा ठेवता, म्हणून नाव नाही. सात दिवस उपास करा. सुया-गोळ्या बंद!"

आईला साखरेचा आजार, रोज इन्सुलिन. पण तिच्या मनात भलतंच होतं. माझा हात धरून ती म्हणाली, "म्हणजे तुझे बाबा मला तिकडं भेटणार नाहीत रे."

माझं टाळकंच सरकलं. तरातरा वर चढलो आणि म्हणालो, "माझ्याही कपाळाला लावा बघू! अजिबात न मानणारा माणूस आहे मी!"

त्यांनी डाव्या वाटीत अंगठा बुडवला, क्रूस काढला, रुमाल दाबला. रुमालावर क्रूस नव्हताच. चार बोटं उमटली होती, गडद गुलाबी!

पास्टरांचाच आ वासला. त्यांनी वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाटीकडं पाहिलं. मग भानावर येऊन ओरडले, "अभिषेक! खुद्द प्रभूचा हात!"

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. बाकीच्यांना नुसता क्रूस, मला अख्खा हात! माझ्यात काहीतरी असणारच, नाहीतर मलाच का? तीस वर्षांची भाषणं चार बोटांत विरघळली. तो रुमाल मी काचेत मढवून दुकानात लावला. गिऱ्हाइकांशी हळू, गंभीर आवाजात बोलू लागलो. बायको म्हणाली, "घसा बसलाय का?"

आईनं इंजेक्शन बंद केलं, जेवण बंद केलं. आणि मी शहाणा तिला म्हणतो, "काळजी करू नकोस, तिकडं मी तुझ्यासाठी शब्द टाकीन." आजही हे आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

चौथ्या दिवशी आईला उठवेना. ओठ कोरडे, सारख्या उलट्या. मी घाबरून ताईला बोलावलं. ताई माझी थोरली बहीण, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिनं आल्या आल्या गाडी मागवली आणि सुई भरली, पण आई हात देईना. "रविवारपर्यंत नको गं. माझी भेट चुकवू नकोस."

मी ताईला घाईघाईनं सगळं सांगितलं, चार बोटांसकट. तिनं माझ्या फुटलेल्या तळहातांकडं पाहिलं.

"सभेला कुठून गेला होतास?"

"कामावरून. धुण्याच्या सोड्यात हात होते."

"वाटेत घाम पुसलास?"

"पुसला असेल. का?"

"अरे मूर्खा!"

तिनं आईच्या उशाखालचा कोरा रुमाल ओढला, दुकानातून सोड्याची बादली आणवली आणि आईच्या डोळ्यांसमोर रुमाल बुडवला. अख्खा रुमाल गुलाबी!

"फिनॉल्फ्थॅलीन," ताई म्हणाली. "दर वर्षी पोरांना दाखवते मी. रुमाल त्यात भिजवून वाळवायचा. साध्या पाण्यानं काही होत नाही, सोडा लागला की गुलाबी. त्याच्या एका वाटीत पाणी, दुसरीत सोड्याचं पाणी. कोणाला तारायचं ते तोच ठरवतो. आई, तुला त्यानं पाण्याच्या वाटीतलं लावलं. यालाही तेच लावलं, पण हा गाढव चार बोटांनी कपाळाला सोडा फासूनच गेला होता!"

आई रुमालाकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं.

रविवारी मी बादली घेऊन व्यासपीठावर चढलो आणि आधी स्वतःचीच लाज काढली. "मंडळी, माझं तारण धुण्याच्या सोड्यानं झालंय! ज्यांचे रुमाल कोरे आहेत त्यांनी इथं बुडवा." झाडणाऱ्या बाई पहिल्या आल्या. गुलाबी रुमाल हातात धरून त्यांनी पास्टरांना विचारलं, "माझा फ्रीज कुठाय?" पास्टर मागच्या दारानं निघाले होते, पण टेम्पोवाल्यानं चावी खिशात घातली होती. त्याच्याही आईचा रुमाल कोरा निघाला होता.

माझं मागणं एवढंच आहे. श्रद्धा ज्याची त्यानं ठेवावी, मी ती हिसकावणारा कोण? पण चमत्कार दिसला की दुसऱ्या वाटीत काय आहे ते विचारा. आणि चमत्कार तुमच्यावरच झाला असेल तर दोनदा विचारा. मी मूर्ख होतो म्हणून फसलो नाही, मला फसणं आवडलं म्हणून फसलो.

त्या दुपारी दवाखान्यात आईजवळ बसलो होतो. तिनं विचारलं, "मग तुझे बाबा भेटतील का रे मला?"

ओठांवर दोन उत्तरं आली. एक तिला सुखावणारं, एक माझ्या भाषणातलं. दोन्ही गिळली.

"ठाऊक नाही, आई. आणि त्या पास्टरलाही ठाऊक नव्हतं."

तिनं माझा हात थोपटला.

"ठाऊक नाही म्हणालास, हे बरं केलंस," ती म्हणाली आणि सुईसाठी तिनं स्वतःच बाही वर केली.