हुंकारबाबाच्या माळेतली चावी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी धनीबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे गाव एरवी त्या उन्हात झोपलेलं असतं. पण त्या दिवशी शेजारच्या चार पाड्यांवरून माणसं आली होती. बायकांनी डोक्यावर ओली फडकी टाकली होती, आणि सगळ्यांच्या नजरा कडुलिंबाखाली मांडलेल्या ड्रमसेटवर होत्या.

तो ड्रमसेट जगदीशचा. धनीबाईचा धाकटा मुलगा. बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा. फाल्गुनात गेला, बत्तिसाव्या वर्षी. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, तिथे आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात. घागर ड्रमपाशी पाटावर ठेवली होती, अजून रिकामी. झांजांना हळदकुंकू लावलं होतं, मोठ्या ड्रमवर झेंडूची माळ होती. मधे तिवईवर तो चपटा, चकचकीत ड्रम, ज्याला बँजोवाले स्नेअर म्हणतात. वाजवला की तडतडतो, तो.

आणि त्या ड्रमशेजारी हुंकारबाबा. दाढीला मेंदी, अंगात भगवी कफनी, गळ्यात चार पदरी माळ. हातातली काठी तोंडासमोर धरून बोलायची त्याला सवय होती.

"आत्मा इथं बसलाय," तो काठीशी बोलला. "घागर कोणी भरायची ते आत्मा सांगेल. एकेक बाई समोर या. जिनं त्याला खाल्लं तिला बघून तो गुरगुरेल. हुंकारबाबा काही सांगत नाही. हुंकारबाबा फक्त विचारतो."

बायका रांगेनं पुढे जाऊ लागल्या. धनीबाई गेली, मोठी सून गेली, शेजारच्या बेबाबाई गेल्या. मीही गेले. प्रत्येकीपुढे बाबा वरच्या पट्टीत भराभर काहीतरी पुटपुटायचा, आणि ड्रम गप्प. मग शेवटी ज्योत्स्नाला उभं केलं. जगदीशची बायको. हाताशी नऊ वर्षांची रूपा.

तिच्यापुढे बाबा पुटपुटला नाही. तो ड्रमकडे वाकला आणि खालच्या सुरात लांबलचक "हूंऽऽऽ" केलं. कोणाचं बोटही लागलं नव्हतं, तरी तो ड्रम आपोआप "खर्रर्र" करून उठला.

माणसं मागे सरली. कोणीतरी म्हणालं, "डाकीण शे."

धनीबाई मटकन खाली बसली. "आम्हीन बठ्ठासनी दखं," ती रडत म्हणाली. "मना पोऱ्याले हाईच खाई गई." हिनंच पोराला खाल्लं, हे सगळ्यांनी पाहिलं म्हणे.

बाबानं निकाल तयारच ठेवला होता. ज्योत्स्नानं घागरीला हात लावायचा नाही. दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं. पोरगी इथेच राहील, कारण ती घराण्याची आहे.

ज्योत्स्ना रडली नाही. रूपाला दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती फक्त म्हणाली, "पोरगी देणार नाही."

मी कोण, ते आता सांगते. या भागात सत्तावीस वर्षं नर्स होते. जगदीश माझ्याच हातांवर जन्मला, रूपाही. मला इथे सगळे अक्का म्हणतात. जगदीश कशानं गेला ते मला ठाऊक होतं. कावीळ झाली. घरच्यांनी त्याला या बाबाकडे नेलं. बाबानं काविळीची माळ बांधली, माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरेल म्हणाला, आणि दवाखान्यात पाऊल टाकायची मनाई केली. सतरा दिवस माळ लांबत गेली आणि जगदीश पिवळा होत गेला. ती माळ सैल गाठींची असते. गाठी सरकतात म्हणून लांबते. धुळ्याला नेला तेव्हा डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं.

दिवसकार्याला ज्योत्स्ना भर मांडवात म्हणाली होती, "त्या माळेनं माझा माणूस नेला. मी पोलिसात सांगणार." तेव्हापासून बाबाला आखाजीची घाई झाली होती.

दिवसही त्यानं बरोबर निवडला. आखाजीला लग्नं असतात. गावातली बँजो पार्टी, म्हणजे ज्यांना ड्रम कळतो ती सगळी माणसं, त्या दिवशी वराती वाजवायला गेलेली.

पण मला ड्रम थोडा कळत होता, हे बाबाला माहीत नव्हतं.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं. वडील रेल्वेच्या क्लबात हॉल झाडायचे. शनिवारी तिथे नाच व्हायचा. ड्रम वाजवायला फ्रँकसाहेब, मालगाडीचे गार्ड. मी दहा-अकरा वर्षांची असेन. एकदा रिकाम्या हॉलमध्ये फरशी पुसत होते, बाहेरून मेल गेली आणि स्टेजवरचा ड्रम एकटाच कुरकुरला. मी फडकं टाकून पळाले. फ्रँकसाहेबांनी मला हाताला धरून परत आणलं. ड्रम उलटा करून दाखवला. खालच्या कातड्याला चिकटून तारांची एक पट्टी असते. कुठलाही आवाज त्या कातड्याच्या सुराला जुळला की कातडं हलतं आणि तारा खडखडतात. त्यांनी तोंडानं सूर शोधत शोधत नेमका एक सूर लावला, आणि ड्रम बोलला. मग मला लावायला लावला. त्या दिवशी मी इतक्यांदा ड्रम बोलवला की वडील ओरडले. पुढे कित्येक शनिवार मी साहेबांना ड्रम जुळवताना बघितलं. ते खिशातून एक छोटी चावी काढायचे, इंग्रजी टी सारखी, तोंडाला चौकोनी भोक असलेली. पंचावन्न वर्षं झाली. तो हॉल, तो मेणाचा वास, पियानोवरचं फाटकं कापड, सगळं अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि तीच चावी मला त्या दुपारी हुंकारबाबाच्या माळेत, रुद्राक्षांच्या मधे लटकलेली दिसली.

मी उठले. गुडघे दुखतात, त्यामुळे उठायला वेळ लागला. तोवर सगळे माझ्याकडे बघू लागले.

"महाराज," मी म्हटलं, "मला परत उभं राहायचंय."

"तुमचं झालं अक्का. तुम्ही शुद्ध."

"माझ्यापुढे तुम्ही घाईघाईत पुटपुटलात. ज्योत्स्नासाठी केलात तसा लांब हुंकार माझ्यासाठीही करा की."

"हुंकार मागून मिळत नाही. तो वरून येतो."

"बरं. मग मी खालून करते."

मी ड्रमवर वाकले आणि घसा खाली नेऊन हुंकार भरला. आधी काही झालं नाही. थोडा वर नेला, नाही. किंचित खाली आणला, आणि ड्रम बोलला. खर्रर्र. हुबेहूब तसाच.

पुढे बसलेली माणसं आणखी मागे सरली.

"घ्या," मी म्हटलं. "धनीबाई, तुझ्या पोराची नाळ मी कापली. आता मीच खाल्लं म्हण त्याला."

धनीबाईनं पदर तोंडाला लावला. मागून कोणीतरी हसलं.

"डाकीण समोर उभी आहे, म्हणून गुरगुरला," बाबा म्हणाला.

"ज्योत्स्ना, तू रूपाला घेऊन ओट्यावर जा," मी सांगितलं. ती गेली. मग पोलीस पाटलांना हाक मारली. दिलवरसिंग पाटील, भारदस्त माणूस, आवाज घागरीतून आल्यासारखा. बाबाच्या मागे तेच खुर्ची टाकून बसले होते.

"दिलवरभाऊ, इकडे या. माझ्यासारखं हूं करा."

"मले कशाले मधी घेती, अक्का?"

"गाव बाईला हाकलतंय आणि पाटील बसून बघतायत, म्हणून घेतेय."

दिलवरभाऊ अवघडून आले. घसा खाकरला, हूं केलं. मी हातानं खुणावत राहिले, थोडं वर, अजून थोडं. तिसऱ्या खेपेला ड्रम असा खडखडला की भाऊ स्वतःच दचकले.

"दिलवरभाऊ बी डाकीण," बेबाबाई म्हणाल्या. आता मात्र सगळं अंगण हसलं. भीती हसण्यातून थोडी थोडी बाहेर पडताना मला दिसत होती.

मी रूपाकडून मूठभर बाजरी मागवली आणि ड्रमवर पसरली. भाऊंनी पुन्हा सूर लावला. दाणे थयथय नाचले. सूर सोडला, दाणे थांबले.

"कातडं हलतं," मी म्हटलं, "म्हणून दाणे उडतात. खाली तारा आहेत, त्या खडखडतात. आत्मा बसायला यात जागा कुठाय?"

"ते रोज वाजवून झालं की एक खटका पाडायचे," ओट्यावरून ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच स्थिर झाला होता. "डाव्या अंगाला आहे. म्हणायचे, नाहीतर रस्त्यानं ट्रक गेला तरी हा बडबडतो. पण शेवटचं वाजवून आले तेव्हाच ताप होता. तसंच ठेवून झोपले. आज बाहेर मांडेपर्यंत आम्ही कोणी हात लावला नाही. त्यांची आठवण म्हणून."

इथेच तर सगळं होतं. माणूस गेला की त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आपलं प्रेम. त्या प्रेमानं तारा कातड्याला चिकटलेल्या राहिल्या, आणि बाबाला आयतं सोंग मिळालं.

मी खटका पाडला. तारा सुटल्या. "करा भाऊ."

भाऊंनी पोटातून हूं केलं. बाजरी नाचली, पण ड्रम खडखडला नाही.

बाबानं काठी उंचावली. "पाहिलंत? आत्मा रागावला. निघून गेला."

मी खटका वर केला. भाऊंनी हूं केलं. खर्रर्र.

"आला," मी म्हटलं. खटका पाडला. "गेला." वर केला. "परत आला. महाराज, बसच्या दारासारखा आत्मा आहे हा."

आता लोक बाबाकडे वेगळ्या नजरेनं बघत होते. मी हात पुढे केला. "तुमच्या माळेतली ती चावी द्या."

"ही परलोकाची चावी आहे. बाईच्या हाताला चालत नाही."

"मग परलोकाला चौकोनी बोल्ट असणार. काल धूप द्यायच्या नावाखाली ड्रमच्या खोलीत दार लावून तुम्ही एक तास होतात ना? तुमच्या हुंकाराला हा ड्रम तेव्हाच जुळवलात."

चावी दिलवरभाऊंनी काढून घेतली, माळेसकट. मी ती ड्रमच्या कडेच्या बोल्टवर ठेवली. चपखल बसली. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे फिरवत, बोटानं टिचकी मारून ऐकत, मी सूर वर नेला. हात थरथरतात आता, पण कान शाबूत आहेत.

"महाराज, आता करा तुमचा हुंकार. ज्योत्स्ना, ये समोर."

ती आली आणि ड्रमला खेटून उभी राहिली. बाबा काही करेना. दिलवरभाऊ म्हणाले, "कर ना भो." बाबानं हूं केलं. ड्रममधून अगदी बारीक कुरकुर आली, कान लावला तरच कळेल अशी. तेवढी राहतेच. फ्रँकसाहेबही म्हणायचे, ती पुरती कधी जात नाही, आपण फक्त कमी करायची.

तेवढ्यात गर्दीतून नरडाण्याकडचा एक पाहुणा पुढे आला. "हाऊ पुना शे," तो बाबाकडे बोट दाखवून म्हणाला. "आमनाकडे बँजो पार्टीमा गाये. काठी दखा, अजून माईकच धरेल शे."

पुनानं काठी खाली केली. खरंच, इतकी वर्षं तो माईकच धरून होता. गाताना शेजारचा ड्रम त्याच्या सुराला कुरकुरायचा, तेवढ्यावर त्यानं संसार थाटला होता.

दिलवरभाऊंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि पोलिसांना फोन लावला. बाईला डाकीण ठरवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होतं. मघाशीही माहीत होतं. ते मी त्यांना सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

ज्योत्स्नानं कोणाची परवानगी विचारली नाही. रांजणातून कळशीनं पाणी घेतलं आणि जगदीशची घागर काठोकाठ भरली. वर आंबा ठेवला. मग धनीबाईपुढे उभी राहून म्हणाली, "सासूबाई, माळेचे सतरा दिवस तुम्ही मोजलेत, मी पण मोजलेत. पोलिसांना ते दोघी मिळून सांगू. याल?"

धनीबाईनं उठून घागरीवरचा आंबा नीट केला. मग होकाराची मान हलवून म्हणाली, "येसू."

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. ड्रम कुरकुरला तेव्हा त्या अंगणात दोनशे माणसं होती, आणि खाली वाकून बघायला एकालाही सुचलं नाही. वाकायला माझ्यासारख्या म्हातारीलाही जमतं. कोणी तुमच्यापुढे एखाद्या बाईकडे बोट दाखवून चमत्कार करू लागला तर हात जोडू नका, आणि गप्पही बसू नका. वस्तू उलटी करून बघा. खटका कुठे आहे ते विचारा. आवाज कशानं आला हे कळेपर्यंत कोणालाही घराबाहेर काढू नका. आणि पिवळे डोळे दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ती चावी आता रूपाकडे आहे. ड्रम तीच जुळवते.